आमची भित्र्यांची बॅच

माझं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट कुठं ठेवलंय, असं आज कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण किस्से विचारा! बॅचमधली चार माणसं भेटली की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा, आणि समोरचा चहा थंड होऊन जातो. आज आम्ही पोट धरून हसतो खरं. पण यातल्या एकेका वेळी आमची काय फाटली होती, ते आमचं आम्हाला माहीत!

चंद्रपुरात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा हॉल होता. स्वतःचा स्टार्टअप काढू पाहणाऱ्यांचं ट्रेनिंग. शनिवार-रविवार वर्ग, बाकीचे दिवस हॉल बसून काम करायला उघडा. शिकवायला पुण्याचे समीर सर. त्यांचं एकच टुमणं, "एकट्यानं धंदा होत नाही. एकमेकांना धरा!"

धरा म्हणे! आम्ही तर एकमेकांनाच भीत होतो.

*

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "शेजारच्याला आपली आयडिया सांगा."

हॉलभर वह्या मिटल्याचा आवाज.

माझ्या शेजारी जिवतीचे सुदामभाऊ बसले होते. पंचेचाळिशीचे, डोंगराळ भागातले शेतकरी. आपल्याकडच्या तुरीची डाळ पाकिटात घालून विकायची, हा त्यांचा बेत. पण तेव्हा तो आम्हाला कुठं माहीत! परीक्षेत पेपर झाकतात तसा त्यांनी वहीवर हात आडवा धरला होता. मी घुग्घुसची प्रज्ञा. कोळशाच्या धुळीसाठी धुता येणारे मास्क शिवते. मीही हळूच पिशवीची चेन ओढून घेतली. पलीकडे ऊर्जानगरचा अंकुश, कंपनीच्या बसगाड्यांचं ॲप बनवणारा. त्यानं तर छापील कागदच पुढं केला. "आधी याच्यावर सही करा. मंग सांगतो."

सरांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मागून सुमनबाई उठल्या. आरमोरीकडच्या जंगलातल्या गावच्या, पन्नाशीच्या. डबा उघडला आणि प्रत्येकाच्या हातावर मोहफुलांचा एक-एक लाडू ठेवत गेल्या. सगळ्यांचा खाऊन झाला तशा म्हणाल्या, "झालं? आता माही आयडिया तुमच्या पोटात हाय. काढा अन् चोरा!"

*

दुसऱ्या आठवड्यात सरांनी चिठ्ठ्या वाटल्या. "सगळ्यात मोठी भीती लिहा. नाव नको."

मग ते एकेक वाचू लागले. 'इंग्रजीत विचारलं तर?' 'माल घरीच पडून राहिला तर?' एका चिठ्ठीत होतं, 'नोकरी सोडली, घरी अजून सांगितलं नाई.' ती वाचल्यावर अंकुशच्या हातातला पेन खाली पडला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, पण कोणी वळून पाहिलं नाही.

शेवटच्या चिठ्ठीत एकच शब्द. 'हत्ती.'

सर खूष! "वा! हत्ती म्हणजे मोठी कंपनी. बाजारात शिरली की लहानांना तुडवते. काय सुंदर विचार केलाय कोणीतरी!"

"नाई जी सर," मागून सुमनबाईंचा आवाज आला. "हत्ती म्हंजे हत्ती. घरात मोहा भरून ठेवला का वासानं येते. मागच्या खेपेले भित पाडून खाऊन गेला. आमी मागल्या दारानं नातवंडं उचलून पळालो."

कोणी हसलं नाही. सर फळ्याकडे वळले आणि 'धंद्यातले धोके' याखाली पहिल्या नंबरवर लिहिलं, हत्ती.

*

आता माझी फजिती सांगते. मास्क तयार होते, पण विकायचे कसे? खाणीच्या रस्त्यावर शिफ्ट सुटली की मोटरसायकलींचा लोंढा येतो. त्या गर्दीत उभं राहून हाक मारायची, या विचारानंच मी पिशवी उचलून घरी परतायची.

सुदामभाऊ म्हणाले, "तू फक्त टेबल लाव. मी अनोळखी गिऱ्हाईक बनून येतो. एकानं घेतलं का बाकीचे घेतेच."

आले. मास्क घातला, दोनदा जोरात श्वास ओढला आणि अशी तारीफ सुरू केली की मलाच लाज वाटायला लागली! पाच-सहा कामगार थांबले. एकानं विचारलं, "भाऊ, तुमी आपल्याच खाणीत का? कधी दिसले नाई."

"हो तं! इथीच."

"कोणती शिफ्ट?"

सुदामभाऊंचं तोंड मास्कात होतं म्हणून बरं. डोळे मात्र गरगर फिरले.

"चौथी!"

शिफ्ट तीनच असतात. कामगार रस्त्यावर गाड्या लावून हसले. हसता हसता सगळे मास्क घेऊन गेले. अजूनही त्या रस्त्यावर माझ्या मास्कला लोक 'चौथी शिफ्ट' म्हणतात!

*

अंकुशचं मात्र गंभीर होतं. पॉवर स्टेशनमधली कंत्राटी नोकरी सोडून त्याला दोन महिने झाले होते. तो रोज सकाळी युनिफॉर्म घालून, आईनं दिलेला डबा घेऊन निघायचा आणि हॉलमध्ये येऊन बसायचा. हे आम्हाला कळलं तेव्हापासून सगळ्या बॅचनं ठरवलं, काही झालं तरी बोलायचं नाही.

एका दुपारी जिन्यात चपला वाजल्या. अंकुशनं दारातून खाली पाहिलं आणि पांढराफटक पडला. "माय आली!"

लपायला जागा नाही. तो टेबलाखाली शिरला. खरंच शिरला! सुदामभाऊंनी खुर्ची आडवी घातली. मी दारात.

मावशी आत आल्या, खुर्चीवर बसल्या, पदरानं घाम पुसला. मी विचारलं, "कोण पाहिजे, मावशी?"

"कोनी नाई. पोरगा डबा पुरा खाते का, तेवढंच पाहाले इचारत इचारत आली."

मी म्हटलं, "कोणता पोरगा?" माझा आवाज मलाच खोटा वाटला.

त्यांनी टेबलाखालून बाहेर आलेल्या बुटाकडे पाहिलं. "बाई, नोकरीवर होता तवा शर्ट तीनदा धुतला तरी पान्यातून राख निघे. दोन महिने झाले, शर्ट कोराच्या कोरा येते. मले का कळत नाई?"

मग वाकून टेबलाखाली पाहिलं. "उद्यापासून साधा शर्ट घालून येजो. त्या युनिफॉर्मले इस्त्री करून करून हात दुखले माहे."

*

सरावाच्या प्रेझेंटेशनला सुदामभाऊ माइकसमोर उभे राहिले आणि त्यांची वाचाच बसली. मग ते खाली उतरले, थेट जिना उतरले, गाडीला किक मारली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. 'माफ करा. माह्याच्यानं आता नाई होत. सगळ्यांनी सांभाळून राहा.'

मी फोन लावला. बंद. अंकुशनं लावला. बंद. 'सांभाळून राहा' हे शब्द आम्ही परत परत वाचत होतो. जे मनात आलं ते कोणी तोंडानं बोललं नाही. सुमनबाई नेमक्या माझ्याकडे मुक्कामाला होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "बसून काऊन राह्यले? चाला!"

मी अंकुशच्या मागे, सुमनबाई बॅचमधल्या आणखी एकाच्या मागे, असे आम्ही दोन गाड्यांवर निघालो. घाटातही अंकुशनं गाडीचा वेग कमी केला नाही. मी मागे बसून फोन लावतच होते. सुदामभाऊंच्या घरी पोचलो तर वहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. "ते? सकाळचेच वावरात गेले. न जेवता गेले."

न जेवता! आम्ही धावत सुटलो. ढेकळांतून पडत-झडत. बांधावर त्यांच्या चपला दिसल्या. नुसत्या चपला. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली.

आणि मग झुडपामागून आवाज आला. "नमस्कार. माझं नाव सुदाम. आमच्या डाळीत पॉलिश नाही..."

समोर दोन बैल. सुदामभाऊ अनवाणी, हातात तुरीची काडी माइकसारखी धरलेली.

सुमनबाईंनी जाऊन त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथंच मटकन बसून रडल्या. सुदामभाऊ गोंधळून गेले. "अरे, प्रेझेंटेशन नाई होत म्हटलं मी! मंग रेंज गेली. मंग वाटलं, एकडाव करून तं पाहू." आम्हाला काय वाटलं ते त्यांना तेव्हा समजलं. त्यांनी काडी टाकून दिली आणि ते हळूच म्हणाले, "एवढ्या लांब आले तुमी? माह्यासाठी?"

*

शेवटी सरांनी गृहपाठ दिला. एकमेकांच्या कामावर एक दिवस घालवा. उन्हाळा लागला होता, मोहा गळत होता. आम्ही तिघं सुमनबाईंच्या गावी गेलो.

उजाडल्यावर जंगलात शिरलो. झाडाखाली फुलांचा पिवळा सडा, गोड दमट वास. टोपली खाली ठेवण्याआधी सुमनबाई म्हणाल्या, "एक गोष्ट. दोघं वाकले का दोघांनी उभं राहाचं. चारी बाजू पाहाचं. वाकलेला मानूस त्याले जनावर दिसते." 'त्याले' म्हणजे वाघाला, हे विचारायची गरज नव्हती. "मागच्या साली माही जाऊ गेली. त्या तिकडच्या झाडाखाली. एकटीच वाकली होती."

अर्धी टोपली भरली असेल. मी आणि सुदामभाऊ वाकलेलो. वर वानर खाकरलं. एकदा. मग लागोपाठ. मग सगळं एकदम गप्प झालं. पाखरूसुद्धा बोलेना.

"उभे राहा," सुमनबाई म्हणाल्या. आवाज एवढासा. "पळू नका. पाठीले पाठ लावा."

चौघांच्या पाठी एकमेकींना भिडल्या. अंकुशचं काळीज माझ्या पाठीत ठोकत होतं, की माझंच होतं, कोण जाणे. समोरच्या बांबूत काहीतरी जड हललं. पानं दबल्याचा आवाज. थांबला. परत एक पाऊल. मला पट्टे दिसले की उन्हाच्या तिरिपा दिसल्या, मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. सुमनबाई त्या बांबूकडे तोंड करून मोठ्यानं गोंडीत बोलू लागल्या. रागानं नाही. दारात आलेल्या माणसाशी बोलावं तशा. आम्हाला एक शब्द कळला नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग तो आवाज नाल्याकडे उतरत गेला, लांब गेला आणि वर एक कोतवाल पाखरू बोललं.

सुदामभाऊंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ उठले होते.

सुमनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. टोपली जवळ ओढली. खाली वाकल्या आणि फुलं वेचायला लागल्या.

आम्ही तिघं त्यांच्याभोवती, त्यांच्याकडे पाठ करून, तीन दिशांना डोळे फाडून उभे. बराच वेळ झाला. मग खालून त्यांचा आवाज आला, "अरे बापा हो, पाळीपाळीनं का होईना, कोनी तं वाका! एकटीनं टोपली भरू का?"

कोणीच वाकलं नाही.