जेम्स मॉरिसन यांचे मधले नाव

मयत इसम: मार्कस यादवराव साळवे, वय एकाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, मूळ राहणार जालना, अखेरचा मुक्काम सिंगापूर, ईस्ट कोस्ट येथील मुलीचा कॉन्डो. मृत्यू: २०१६ सालच्या ऑगस्टमधील पहिला मंगळवार, सकाळी, हृदयविकाराने. साक्षीदार क्रमांक एक: मुलगी रेश्मा, रॅफल्स प्लेस येथे बँकेत नोकरीस. साक्षीदार क्रमांक दोन: प्रस्तुत लेखक कदम, व्यवसाय अर्जलेखन.

रेश्माचा फोन आला तेव्हा मी चोआ चू कांगहून एमआरटी रेल्वेने कामावर निघालो होतो. "काका, पप्पा गेले," एवढे सांगून तिने निधनाच्या बातमीचा मजकूर लिहून द्याल का, असे विचारले. पुढच्या स्टेशनवर उतरून, बाकावर बसून मी तो लिहिला. त्यात एकही चूक नव्हती. आज सात आठवड्यांनी जे लिहीत आहे, त्याबद्दल तशी ग्वाही देता येणार नाही...

लिट्ल इंडियातील एका झेरॉक्सच्या दुकानात माझे टेबल आहे. शिक्षण आठवीपर्यंत झाले असले तरी कराडच्या कचेरीबाहेर आणि नंतर या शहरात मिळून तीस वर्षे मी लोकांची गाऱ्हाणी कागदावर आणीत आलो आहे. चार वर्षांपूर्वी साळवेसर एक जुनी नक्कल घेऊन माझ्यासमोर बसले. ती त्यांच्या पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीची होती. जेम्स डंकन मॉरिसन, राहणार स्कॉटलंड, धंदा दगडकाम, अविवाहित. घाटातील रेल्वेच्या पुलासाठी आलेल्या या गृहस्थाने जालन्याकडील एका मराठी ख्रिस्ती मुलीशी लग्न केले होते. त्यांची मुलगी एस्तेर ही सरांची आजी. गोऱ्याची बायको तिकडे स्कॉटलंडात आहे, इथले लग्न खोटे, असे एस्तेरला आयुष्यभर ऐकवण्यात आले. प्रार्थनेला ती मागच्या बाकावर बसे. मरण्यापूर्वी तिने बारा वर्षांच्या सरांना सांगितले होते, "माझ्या आईचं लग्न खरं होतं का, एवढं तू बघ." सरांनी ते पंचावन्न वर्षे मनात ठेवले होते.

स्कॉटलंडच्या जुन्या जनगणना संगणकावर पाहता येतात, हे रेश्माने शोधून काढले. दर दहा वर्षांनी एका ठरावीक रात्री ज्या घरात जो झोपला असेल तो त्या घराच्या नावावर लिहिला जाई, आणि प्रत्येकापुढे विवाहित की अविवाहित हेही नोंदले जाई. सरांना हवा होता तो तेवढाच एक रकाना. परंतु जेम्स मॉरिसन नावाचे इसम तेथे शेकड्याने निघाले. निवड कशी करावी, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा मी निर्णय दिला. मधले नाव बापाचे असते. सबब ज्या घराचा कर्ता डंकन मॉरिसन, त्याच घरचा मुलगा जेम्स आपला. सर जरा घुटमळले. तिकडची रीत निराळी असेल का हो, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "सर, चित्रकलेत तुमचा शब्द अखेरचा. अर्जात माझा."

"बरं सरकार," ते हसून म्हणाले, "बाप तुम्ही ठरवा, दाढी मी ठरवतो." पणजोबांचे छायाचित्र नव्हते. सर अर्जांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने त्यांचा चेहरा काढीत आणि दर शनिवारी दाढीचा घाट बदलीत. रेश्मा म्हणे की काकांनी एका शनिवारी वेगळा बाप ठरवला तर पप्पांना नाकही बदलावे लागेल.

दोन वर्षांनी डंकन मॉरिसनचे घर सापडले. समुद्रकाठचे मासेमारीचे गाव. १८७१ सालच्या नोंदीत मुलगा जेम्स, वय जुळते, सोबत बायको आणि एक तान्हे मूल. १८८१ सालच्या नोंदीत तीच बायको त्या मुलासह. विवाहित, आणि नवरा घरात नाही. हा तर कोळी आहे, आपला दगडकाम करणारा होता, असे सर हळूच म्हणाले. त्यावर मी जे उत्तर दिले ते येथे नमूद करणे भाग आहे. "माणूस धंदा बदलतो, सर. बाप बदलत नाही." सरांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर त्यांनी दाढी काढली नाही, चेहराही काढला नाही...

यंदाच्या जूनमध्ये त्यांनी मला घरी बोलावून दोन कागद करून घेतले. पहिला त्या गावच्या चर्चच्या पत्त्यावर इंग्रजी पत्र: आमच्या पणजोबांनी तुमच्या पणजीला टाकले, याबद्दल त्यांच्या वंशजातर्फे क्षमा असावी. दुसरा मराठीत, घरच्या बायबलमध्ये ठेवण्यासाठी: एस्तेरच्या आईचे लग्न खरे नव्हते, असे आम्हांस पुराव्यानिशी आढळले. सही करताना त्यांचा हात थांबला. ते म्हणाले, "कदम, आजी विचारील तेव्हा काय सांगू?" मी म्हणालो की पुरावा आहे तसा सांगावा. त्यांनी सही केली. ती आमची अखेरची भेट.

चर्चमार्फत उत्तर आले ते त्यांच्या दफनानंतर नवव्या दिवशी. लिहिणाऱ्या बाई त्या कोळ्याच्या पणती. क्षमा मागितल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते, परंतु ती स्वीकारण्याचे काही कारण नाही असे कळवले होते. त्यांचे पणजोबा कोठेही गेले नव्हते. जनगणनेच्या त्या रात्री ते होडीवर होते. पुढे म्हातारे होऊन वारले आणि त्याच गावात बायकोशेजारी पुरले गेले. त्यांना मधले नावच नव्हते. त्यांच्या देशात मधले नाव पुष्कळदा आईच्या माहेरचे असते, तेव्हा डंकन आडनावाच्या आईचा मुलगा शोधावा, असे त्यांनी सुचवले होते.

रेश्माला ते घर एका संध्याकाळी सापडले. वडील विल्यम मॉरिसन, गवंडी. आई जेनेट, माहेरची डंकन. १८७१ साल: मुलगा जेम्स, वय चोवीस, दगडकाम, अविवाहित. त्याच वर्षाच्या अखेरीस तो मुंबईच्या बंदरात उतरल्याची नोंद आमच्यापाशी पहिल्यापासून होती. तिने फोनवर मला हे सर्व वाचून दाखवले. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "पप्पांना सुरुवातीलाच शंका आली होती ना, काका?" मी होय म्हणालो. त्यानंतर मी दोन पत्रे पाठवली आहेत, उत्तर नाही.

सबब श्रीमती रेश्मा यांस, या वृत्तपत्राच्या पुरवणीच्या वाचकांसमक्ष, नम्र निवेदन की, बायबलमधील कागद फाडू नये, कारण त्यावरील सही खरी आहे. मजकूर खोटा असून तो माझा आहे. एस्तेरच्या आईचे लग्न खरे होते, असे निवेदन मी माझ्या सहीने या लेखासोबत आपणांस पाठवीत आहे. ते त्या कागदाच्या वर ठेवावे. मयताची समजूत दुरुस्त करण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा, हे तीस वर्षांच्या अनुभवानेही मला माहीत नाही. आपणांस माहीत असल्यास कळवावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, परंतु ते लेखी द्यावे, ही विनंती.