मदतीला आलेल्यांची जीप

लेकीने पुण्याहून पाठवलेल्या खोक्यावर लिहिलं होतं, वय वर्षे दहा आणि पुढे. आम्ही दोघं त्या अटीत आरामात बसत होतो. आत प्लॅस्टिकचे शेकडो ठोकळे, खिळे, दातेरी चाकं, एक मोटर, बॅटरीचा डबा आणि चित्रांचं जाडजूड पुस्तक. हे सगळं नीट जोडलं की दगडधोंड्यांवरून जाणारी, चारही चाकांनी ओढणारी जीप तयार होणार होती. पिंप्राळ्यात अशा गाडीची गरज आहे हे आमचे रस्ते पाहून कोणीही मान्य करील. आमची गरज मात्र वेगळी होती.

पत्नीला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात खांद्यापासून हलायचा, पण बोटं ऐकत नव्हती. बोलणं शाबूत होतं, फक्त एकेक शब्द यायला वेळ लागे, आणि तेवढा वेळ कोणाकडेच नसे. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी मला बजावून गेली होती, "काका, हे पहिले काही महिनेच कामाचे आहेत. आत्ता बोटांना जितकं कामाला लावाल तितकी ती परत येतील. त्यांचं काम दुसऱ्याने केलं की ती विसरतात." तिने पिळायला एक रबरी चेंडू दिला होता. कॉलनीतल्या निम्म्या बायकांची ब्लाउजं जिने शिवली, तिने तो चेंडू काही दिवस निमूटपणे पिळला आणि मग डाव्या हाताने खिडकीतून मांजराला मारला. त्यानंतर जीप आली.

स्वयंपाक, भांडी, औषधं, तिची आंघोळ, तिची वेणी, एवढं उरकलं की दुपारी आम्ही स्टीलच्या ताटात ठोकळे पसरून बसायचो. वेणी घालायला मी निवृत्तीनंतर शिकलो, आणि ती तशीच दिसायची. जीप बांधताना माझ्याकडे फक्त पुस्तकाचं पान उलटायचं काम होतं. सरकारी नोकरीत मी आयुष्यभर तेच केलं असल्यामुळे अडचण आली नाही. ती उजव्या हाताने एक लाल खिळा उचलायची. तो पडायचा. ती पुन्हा उचलायची. तो भोकात बसेपर्यंत माझा डोळा लागलेला असायचा. मग ती ताट वाजवायची आणि मी पान उलटायचो.

असंच चाललं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला येणं लोक मनावर घेतात, आणि आलेला माणूस रिकाम्या हाताने बसत नाही. शेजारचे नाना मूळचे यावलकडचे. ते दोन नारळपाणी घेऊन आले, तिची धडपड मिनिटभर पाहिली आणि कळवळून म्हणाले, "मले दे तं, पोरी. कशाले तरास करतं?" त्यांनी चहा यायच्या आत दोन दरवाजे बसवून दिले. त्यांच्या मंडळींनी आतल्या सीटा बसवल्या. सगळ्यांनी मायेनेच केलं. ती उजवा हात मांडीवर ठेवून पाहत बसायची.

मग तिचा धाकटा भाऊ धुळ्याहून आला. हा माणूस पाच-सहा समित्यांवर आहे आणि कुठे सत्काराची वेळ येईल या तयारीने गाडीत कायम एक शाल ठेवतो. आला तो थेट ताटाशी बसला.

"अक्का, तू राहू दे. मी लावस ना. यामा काय शे? बठ्ठं सोपं शे!"

मागच्या चाकांमधली दातेरी डबी बसवायची होती. त्याने पुस्तक न बघता ती दाबून बसवली. तिने डबीकडे बोट केलं, काही बोलायला तोंड उघडलं. बोटाच्या दिशेला चिवड्याची बशीही होती. त्याने ती बशी तिच्यापुढे सरकवली आणि पुढचे चार भाग लावून टाकले. मी चहा गाळत दारातून हे पाहत होतो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. चहा देऊन घटकाभर पाठ टेकता आली.

उरलेलं आल्यागेल्यांनी आठवडाभरात लावून टाकलं, आणि पुढच्या रविवारी तो नारळ, हार आणि लिंबं घेऊनच आला. नवी गाडी पूजेशिवाय कशी चालवायची? नोकरीत मी साहेबांसाठी फिती कापायच्या कात्र्या शोधल्या आहेत, त्यामुळे अशा प्रसंगी कुठे उभं राहायचं ते मला ठाऊक आहे. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. जीपला हळद-कुंकू लागलं. हार घातल्यावर ती दिसेनाशी झाली, म्हणून काढला. चाकाखाली लिंबू ठेवलं, ते चाकाएवढंच निघालं.

"दाजी, फोटो काढा," म्हणत त्याने बटण दाबलं.

जीप जागच्या जागी थरथरली. पुढची दोन चाकं पुढे ओढत होती, मागची दोन मागे. आतून दाते कटकट वाजत होते. मी पुष्कळ बैठकांची इतिवृत्तं लिहिली आहेत. हे दृश्य मला नवीन नव्हतं.

"चायनाना माल शे हाऊ, दुसरं काय!" मेहुणा म्हणाला. "दाजी, कंपनीले फोन लावा."

तेव्हा ती बोलायला लागली. या वेळी तिला मध्येच तोडायला कोणाकडे काही उरलं नव्हतं.

"मागचं... उलटं... बसलंय. मी... सांगत... होते."

"मंग आधी नही सांगाव का, अक्का? दे इकडे, मी पाच मिनिटमा काढी देस."

तिने जीपवर डावा तळवा ठेवला.

"तू... धुयाले... जाय."

माहेरच्या बोलीत तिने त्याला धुळ्याची वाट दाखवली. आधी मी हसलो, मग तो. अर्धवट हसू तोंडावर ठेवून तो गेला. फोडायचा राहिलेला नारळ बरोबर नेला.

मागची डबी काढायची म्हणजे मागची अर्धी गाडी उकलणं आलं. दाबून बसवण्यापेक्षा उपसून काढणं जड जातं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने जीप मांडीत धरली आणि उजव्या अंगठ्याचं नख लाल खिळ्याच्या कडेला लावलं. नख घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. तिच्या कपाळावर घाम आला. माझा हात आपोआप पुढे गेला. तिने नुसतं पाहिलं आणि तो मागे आला. दमलेल्या माणसाला गप्प बसणं सोपं असतं असं मला वाटायचं. तसं नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. नाना होते.

"काय झालं तं? चालली का नाही जीप? मले बघू दे."

मी दार मागे ओढून घेतलं आणि त्यांना ओट्यावर बसवलं.

"बसा नाना. यंदा केळीला काय भाव चाललाय?"

या प्रश्नाला यावलच्या माणसाचं उत्तर लांब असतं. व्यापाऱ्यापासून निघून ते खतापर्यंत आले. मला डुलकी येत होती, पण मी मान डोलावत राहिलो. मग आतून टक् असा आवाज आला. खिळा निघाला की मोडला, बाहेरून कळेना.

"पोरीले काही पाहिजे वाटते," म्हणत नाना उठायला लागले.

"आणि नाना," मी त्यांचा हात धरला, "तुमच्या मळ्यातल्या त्या विहिरीचं काय झालं?"

नाना पुन्हा टेकले.