मुंबईचे पंडित आणि शिवाप्पाचा डोळा

मंडळी, आत्ताच दवाखान्यातून आलोय. तालमीच्या फळ्यावर हे खडूनं लिहितोय. सगळ्यांनी वाचल्याशिवाय पुसू नका.

आज संध्याकाळी शेटजींनी तालमीत आणलेल्या नव्या रेडिओवर मुंबईच्या दोन पंडितांचा संवाद होता. आपण मात्र कुस्ती बघायला बसल्यासारखे दोन बाजूंना बसलो. एकानं मुद्दा मांडला की आम्ही शड्डू ठोकायचो, दुसऱ्यानं खोडला की शिवाप्पाच्या बाजूचे आरोळ्या मारायचे!

शेवटी दोघांनी हसत एकमेकांचे आभार मानले आणि संपलं. निकालच नाही!

"आमचा जिंकला की!" शिवाप्पा ओरडला.

"कुटं जिंकला? चितपट केला त्याला!" मी म्हणालो.

त्यानं माझी गचांडी धरली. मी हाताला लागलेला पितळी तांब्या त्याच्या तोंडावर हाणला. मग सगळेच एकमेकांवर तुटून पडले. आखाड्यातली माती रक्तानं चिकट झाली.

शिवाप्पाचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी तसं सांगितलं.

त्याची आई माझ्याकडं बघत म्हणाली, "कशापायी मारलास रं? काय बोलत हुती ती माणसं?"

मला विषयच आठवेना.

तुमच्यापैकी कुणाला आठवतो का? आठवत असेल तर खाली लिहा. तिला जाऊन सांगायचंय.