दलालाच्या दुकानातली चेन

योग्य वस्तू नको त्या माणसाच्या दुकानात असेल, तर तुम्ही काय करता?

वडिलांची मोटरसायकल माझ्याहून वयाने मोठी होती. विमानतळासाठी जमिनी घ्यायचं चाललं होतं त्या वर्षांत गावोगाव विरोधाची पत्रकं तिच्यावरूनच जायची. मी वाचायला शिकलो तो असल्या पत्रकांवर. मोठा झाल्यावर ती लिहायलाही लागलो. ताज्या पत्रकात माझी एक ओळ होती: जमिनीच्या दलालांच्या दुकानाची पायरी चढू नका. वडिलांनी ते स्वतः खळ लावून पनवेलच्या एसटी स्टँडवर चिकटवलं होतं.

त्याच आठवड्यात इंजिन खडखडायला लागलं. जमीन घेण्यावरच्या गावाच्या हरकती दाखल करायला दोनच दिवस उरले होते. शेवटच्या दिवशी सकाळी वाड्यांवरून सह्यांचे कागद गोळा करायचे आणि दुपारी कचेरी गाठायची, असं ठरलं होतं. त्या वाड्यांवर बस जात नाही. दुसऱ्याची गाडी मागावी, तर गावातल्या नव्या गाड्या जमीन विकलेल्यांच्याच.

"गाडीचं तू बघ," वडील म्हणाले.

स्टँडमागच्या मिस्त्रींनी इंजिन उघडलं. टायमिंग चेन झिजून लांबली होती. ती दात सोडून सरकली, की व्हॉल्व पिस्टनवर आपटतो आणि इंजिन बसतं, हे त्यांनी एका मुठीवर दुसरी मूठ आपटून दाखवलं. त्या जुन्या मॉडेलची अस्सल चेन पनवेलमध्ये एकाच दुकानात होती. दुकान जमिनीच्या एका दलालाचं.

मी दुसरीकडून एक आणली. कड्या तेवढ्याच, चकाकी जास्त, कंपनीचा शिक्का नाही. मिस्त्रींनी जुनी आणि नवी, दोन्ही चेनी कुशीवर आडव्या धरल्या. नवी जास्त लवली, म्हणजे तिचे सांधे जुनीहूनही ढिले.

"बघा मियाँ, म्हातारी ताठ आणि नवरी वाकलेली."

"मग म्हातारीच ठेवा."

"ती पण संपलीय. आठ दिवस द्या, भंगारातल्या इंजिनातून चांगली काढून देतो. नाहीतर मी जातो त्याच्या दुकानात. कोणाला कळणार?"

"मला कळेल."

"इंजिनाला तुमचं पत्रक वाचता येत नाही, जनाब."

तिथल्या रबरी टायरवर मी तासभर बसून राहिलो. कुठूनही वाट निघेना. शेवटी म्हणालो, "नवी टाका." घरी वडिलांनी विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "झालं." कुठली टाकली, ते सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी सगळे कागद गोळा झाले. वडील चालवत होते, पिशवी मांडीवर घेऊन मी मागे. उलव्याच्या रस्त्यावर दोन डंपरांच्या मधे आतून टक् असा आवाज आला आणि गाडी मेली. किक जागची हलेना. आम्ही ढकलत कडेला आलो. उन्हात एकही रिक्षा दिसत नव्हती. थांबली ती एक पांढरी मोटार. आत तोच दलाल; मी चेन शोधत फिरल्याचं त्याच्या कानावर गेलं असणार.

"काका, चेन गेली काय? आमच्याकडं होती की! दुकान आपलंच हाय, यायचं होतं."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली आणि मोटारीचं दार उघडलं.

"बाबा, त्याच्या गाडीतून?"

"तुजी तत्त्वं इथं उभी राहू दे. माज्या पिशवीत लोकांचं कागद हाय."

मोटार निघून गेली. बंद गाडीचं हँडल धरून मी तिथे उभा राहिलो. गाडी सोडून जाता येत नव्हतं आणि ढकलत नेण्याइतकी ताकद एकट्यात नव्हती. एका डंपरवाल्याने हसून हॉर्न दिला.

कागद वेळेत पोचले. संध्याकाळी वडील टेम्पो घेऊन आले. गाडी चढवून झाल्यावर म्हणाले, "बहिष्कार तुजा, पण गाडी माजी नि कागद गावाचं. मला इचारायचं तरी."

दलालाच्या दुकानाची पायरी मी आजही चढत नाही. पण ज्या बहिष्काराला दुसरं दुकान नाही, तो आपल्याच माणसांना रस्त्यात उभं करतो, हे मी पत्रकात लिहायला हवं होतं. म्हणून आता लिहितो. तुमच्या पडवीत, गोठ्यात एखादी जुनी मोटरसायकल गंजत पडली असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. या रविवारी तिचं इंजिन उतरवा आणि तुमच्या भागातल्या एखाद्या प्रामाणिक मिस्त्रीकडे नेऊन ठेवा. त्यातली एक चेन कुणाला तरी त्या दुकानापासून वाचवेल.