शेवटच्या माणसाचा टाइम

चौसष्ट साली ट्रेनिंग संपवून मी पलटणीत रुजू झालो. पहिल्याच दिवशी हवालदाराने जोड्या लावल्या. माझी जोडी शंकरबरोबर लागली. तो नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरचा, मी तिथल्याच उमरेडजवळच्या खेड्यातला. एकमेकांची बोली ऐकून दोघांनाही बरं वाटलं. पुढची सात वर्षं आम्ही एकाच बराकीत, शेजारच्या खाटेवर झोपलो.

शंकर अंगाने दांडगा होता. एल.एम.जी., म्हणजे हलकी मशीनगन, खांद्यावर टाकून दिवसभर चालायचा आणि कुरकुर करायचा नाही. निशाणा चांगला, जेवण दुप्पट, स्वभाव शांत. एकच गोष्ट त्याला जमत नसे, ती म्हणजे धावणं. पावलं जड पडायची. मी मात्र लहानपणापासून पळणारा. पी.टी.च्या उस्तादांचं एक वाक्य ठरलेलं होतं, ‘सेक्शन का टाइम, आखरी आदमी का टाइम.’ म्हणजे दहापैकी नऊ जण कितीही लवकर पोहोचले तरी उस्तादांचं घड्याळ दहावा आला की बंद व्हायचं. तो दहावा नेहमी शंकर असे.

दोन मैलांच्या दौडीत पहिल्या मैलानंतर मागून हाक यायचीच.

‘थांब नं गा, नाम्या. माहा दम भरला.’

‘चाल लवकर. उस्ताद पाहून राहिले.’

‘तू इतल्या जोरात काहून पळून राहिला? घरी गाय सुटली का तुही?’

मी मागे फिरायचो. त्याच्या रायफलचं एक टोक तो धरायचा, दुसरं मी. अशी ओढाओढ करत आम्ही शेवटून पहिले यायचो. सेक्शनची पोरं शिव्या घालायची आणि नंतर त्याच्याच डब्यातली भिवापुरी मिरचीची चटणी खायची. सात वर्षांत त्याने हाक मारली आणि मी थांबलो नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

मला कंपनीचा रनर केलं ते धावण्यामुळेच. वायरलेस सेट बंद पडला, टेलिफोनची लाइन तुटली की निरोप पायी पोहोचवायचा, हे रनरचं काम. रनर एकटा जात नाही, जोडीने जातो. माझी जोडी ठरलेलीच होती. कंपनी कमांडर मेजर साहेबांनी विचारलं होतं, ‘शंकर की जगह कोई तेज़ आदमी दूँ?’ मी नको म्हणालो. ती माझी पहिली चूक, असं मला अजूनही कधी कधी वाटतं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही पंजाबात सीमेवर होतो. कंपनी हेडक्वार्टरपासून पुढची चौकी पावणेदोन मैलांवर होती. तिथे एका सुभेदार साहेबांच्या हाताखाली अठरा जवान. मध्ये उसाची शेतं, एक पाण्याचा पाट आणि पाटावर विटांची पुलिया. ती वाट मी दिवसातून दोनदा तुडवायचो. त्या आठवड्यात धुकं इतकं असायचं की सकाळी आठपर्यंत दहा पावलांपुढचं दिसत नसे.

त्या सकाळी सहाला स्टँड टू झालं, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन मोर्च्यात उभे राहिलो. सहा दहाला तोफा सुरू झाल्या. सव्वासहाला चौकीची लाइन गेली. सिग्नलवाला सेटवर चौकीला हाका मारत होता.

‘चार्ली वन, चार्ली वन. आवाज कैसा? ओव्हर.’

उत्तर नाही. तीनदा नाही.

मेजर साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. ते नेहमी हळू बोलायचे, तेव्हाही हळूच बोलले.

‘टँक आ रहे हैं. सात बजे से पहले चौकी ख़ाली. सुभेदार साहब को मेरा ऑर्डर बोलो. एक गिरे तो दूसरा रुकेगा नहीं. कोई शक?’

‘नहीं साहब,’ मी म्हणालो. शंकरही म्हणाला.

सहा बावीसला आम्ही निघालो.

पुलियापर्यंत काही झालं नाही. मी पुढे, तो वीसेक पावलं मागे. त्याचे बूट ऐकू येत होते, तेवढ्यावर मी चाललो होतो. पुलिया ओलांडली आणि मागे मॉर्टरचा गोळा पडला. मी आडवा झालो. उठून पाहिलं तर शंकर पुलियाच्या कठड्याला टेकून बसलेला. उजव्या मांडीवर दोन्ही हात दाबलेले. बोटांतून रक्त येत होतं.

‘थांब गा,’ तो म्हणाला.

माझ्या खिशात फील्ड पट्टी होती. ती बांधायला चार मिनिटं लागतात. ट्रेनिंगमध्ये शंभरदा बांधली होती, त्यामुळे चार मिनिटं हे मला नक्की माहीत होतं.

‘थांब नं गा, नाम्या.’

मी वळलो आणि पळालो. त्याने आणखी एकदा हाक मारली. त्यानंतरची मारली असेल तर मी ऐकली नाही.

सहा एकेचाळीसला चौकीवर पोहोचलो. ऑर्डर सांगितली. सुभेदार साहेबांनी चौदा मिनिटांत चौकी खाली केली. सहा पंचावन्नला आम्ही वीस जण त्याच वाटेने मागे निघालो. मी सगळ्यात पुढे होतो.

शंकर पुलियाजवळ नव्हता. पुलियाच्या अलीकडे, चौकीच्या बाजूला, सव्वाशे पावलांवर तो वाटेत पालथा पडला होता. कोपरं सोललेली होती. मागे कंपनीकडे जायचं सोडून तो माझ्या मागे सरपटत आला होता. हातात स्वतःची फील्ड पट्टी होती. एका हाताने मांडी दाबून दुसऱ्या हाताने ती सुटत नाही, म्हणून दाताने फाडायला पाहिली होती. पाकिटावर दातांच्या खुणा होत्या. पाकीट फाटलं नव्हतं.

आम्ही त्याला उचलून आणलं. पट्ट्या बांधणाऱ्या नर्सिंग असिस्टंटने मांडी पाहिली आणि त्याला काही माहीत नसल्यामुळे मला सरळ सांगितलं, ‘बाँध देते तो बच जाता.’

टँक सव्वासातला आले. म्हणजे मी चार मिनिटं थांबलो असतो, तर सहा पंचेचाळीसला पोहोचलो असतो. चौकी एक मिनिट कमी सातला खाली झाली असती. साहेबांचा हुकूमही पाळला गेला असता. हे गणित मी त्याच दिवशी मांडलं आणि त्यानंतर किती वेळा मांडलं ते सांगण्यात अर्थ नाही. उत्तर बदलत नाही.

फेब्रुवारीत रजेवर आलो तेव्हा त्याचं सामान घेऊन भिवापूरला गेलो. वच्छला वहिनी, त्याची बायको, अंगणात मिरच्यांच्या ढिगापाशी बसून देठ तोडत होत्या. मला पाहून त्या उठल्या नाहीत. हात चालूच राहिले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं,

‘शेवटी काही बोलले का जी, भाऊजी?’

मी म्हणालो, ‘जा म्हणाला. मी आहे, तू निरोप पोहोचव म्हणाला.’

मिरचीचा खाट नाकात गेला म्हणून मला ठसका लागला. त्यांनी आतून पाणी आणून दिलं.

पुढच्या वर्षी गावच्या शाळेत शंकरच्या नावाची दगडी पाटी लागली. नावाखाली कोरलं होतं, ‘तू जा, निरोप पोहोचव.’ मला पत्राने कळवलं. दरवर्षी पंधरा ऑगस्टला बोलावणं यायचं. ड्यूटी आहे म्हणून मी टाळायचो.

धावणं मात्र सुटलं नाही. उलट त्याला एक नियम लागला. एकदा निघालो की वाटेत थांबायचं नाही. कोणी हाक मारो, बुटाची नाडी सुटो, कुत्रं मागे लागो. पलटणीत असेपर्यंत हे कोणाला वेगळं वाटलं नाही. एकोणऐंशीत पेन्शनवर आलो आणि कोराडीच्या वीज केंद्रात सुरक्षारक्षक म्हणून लागलो, तेव्हा कॉलनीत चर्चा झाली. गेटपासून तलावाच्या रस्त्यावर पावणेदोन मैलांवर एक जुनी पुलिया आहे. मी अंतर आधी मोजलं आणि मग तो रस्ता निवडला, हे कोणाला माहीत नव्हतं. पहाटे कोळशाचे ट्रक जायचे, राखेने दात करकरायचे. शेजारचे एक गृहस्थ नेहमी विचारायचे, ‘काय नामदेवराव, कोण लागलं मागं?’

‘कोणी नाही,’ मी सांगायचो. ते खरंच होतं.

माझी बायको सुमती या नियमावर चिडायची. तिच्या भावाने एकदा रस्त्यात हात केला, मी तसाच पुढे गेलो, म्हणून माहेरची माणसं वर्षभर बोलली नाहीत. ‘तुमच्या पायाले ब्रेक नाही, तोंडाले आहे,’ ती म्हणायची. मी तिलाही खरं सांगितलं नव्हतं. एका पावसाळ्यात ओल्या राखेवरून घसरलो आणि गुडघ्याची वाटी फुटली. तीन महिने प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, धावणं विसरा. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी काठी घेऊन तेवढाच रस्ता चाललो. सव्वा तास लागला, पण थांबलो नाही. वर्षभराने पुन्हा धावू लागलो, एका बाजूला झुकून.

चौऱ्याऐंशीत सुमतीला किडनीचा आजार झाला. नागपूरला रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ती दीड महिना होती. मी पहाटे धावायचो, सहाची बस पकडून तिच्याकडे जायचो, दुपारच्या पाळीला परत यायचो. एका सकाळी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा आमची मुलगी दारातच उभी होती. आई वीस मिनिटांपूर्वी गेली, म्हणाली. शेवटी सारखं विचारत होती, तुझे बाबा निघाले का. मुलगी माझ्या बुटांकडे बघत होती. त्यांना राख लागलेली होती.

‘आजही धावून आले का बाबा?’

मी हो म्हणालो. एवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली. पुन्हा तेच झालं होतं. कोणीतरी मागे बोलावत होतं आणि मी पळत होतो.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला मी भिवापूरला गेलो. झेंडावंदन झालं. हेडमास्तरांनी शंकरचे शेवटचे शब्द वाचून दाखवले आणि ते ज्यांनी कानांनी ऐकले ते आज आपल्यात आहेत, असं सांगून मला उभं केलं. मी ‘जय हिंद’ म्हणून खाली बसलो. मग वहिनींच्या घरी गेलो. पावसामुळे मिरच्या आत ओसरीवर घेतल्या होत्या. त्यांचे केस पांढरे झाले होते.

मी सगळं सांगितलं. पुलिया, हाका, पट्टी, चार मिनिटं, सव्वासातचे टँक. काही लपवलं नाही. देठ तोडणं चालू होतं. मग वहिनी बोलल्या.

‘मले तवाच समजलं होतं, भाऊजी. आमचे हे कोणाले जा म्हणतीन? लगन झाल्यावर जत्रेत गेलो, तं मी पुढं चालून राहिली होती. मागून सारखं थांब वं, थांब वं. त्यायले एकट्यानं मागं राहणं कवाच जमलं नाही.’

‘मग तुम्ही बोलल्या काहून नाही?’

‘तुमाले बोलाचं होतं नं. मी कायले बोलू?’

पाऊस पत्र्यावर पडत होता.

‘टँक सव्वासातले येतीन, हे तवा ठाव होतं का तुमाले?’

‘नाही.’

त्यांनी मान हलवली. हातातल्या मिरचीचा देठ तोडून बाजूला टाकला.

‘तरी थांबाले पायजे होतं, भाऊजी.’

‘हो,’ मी म्हणालो.

एवढंच. तेरा वर्षं मला याचीच भीती होती आणि ते ऐकून मी उठून पळालो नाही. त्यांनी चहा केला. निघताना मिरचीची पुडी दिली. पाटीचं काय करायचं विचारलं तर म्हणाल्या, ‘राहू द्या. पोरायले तेच सांगा.’

आजही मी पहाटे पाचला निघतो. गुडघा दुखतो, वेग काहीच उरलेला नाही. तलावाच्या रस्त्यावरच्या पुलियाशी पोहोचलो की थांबतो. कठड्यावर बसतो आणि घड्याळात पाहून चार मिनिटं तिथे काढतो. ओळखीचे लोक विचारतात, काय झालं, पाय दुखला का. मी म्हणतो, जोडीदार मागे आहे.

ही चार मिनिटं मी माझ्या टाइममध्ये धरतो, त्यामुळे टाइम फार खराब येतो. उस्ताद असते तर घड्याळ बंद करायलाही तयार झाले नसते. सेक्शनचा टाइम शेवटच्या माणसाचा असतो, आणि शंकर अजून यायचा आहे.