पाचच्या रेडिओवरचा निरोप

मापाचं काचभांडं कोरडं ठणठणीत दिसलं आणि फाउस्तिनो रेंगिफोचा चेहरा पांढरा पडला.

"एल्व्हिरा, ओर्फाच्या बाळाचं झटक्यांचं औषध कशात पातळ केलंस?"

एल्व्हिरानं त्या काचभांड्याकडे पाहिलं. केलंच नव्हतं. मोठ्या बाटलीतलं दाट औषध तसंच थेंबांच्या बाटलीत भरलं होतं, दहापट कडक. पहिला डोस सहाला. आणि ओर्फा तर दुपारच्या होडीनं नदीवरच्या आपल्या गावी पोचलीसुद्धा असेल. तिकडे फोन नाही, दुसरी होडी उद्या.

एकेचाळीस वर्षं म्हाताऱ्या फाउस्तिनोनं हे औषधांचं दुकान चालवलं. बायको गेल्यावर चारही पोरींच्या वेण्या घालायचा, मगच फळी उघडायचा. हात थरथरायला लागले तसा चाव्या थोरलीकडे, एल्व्हिराकडे, देऊन मोकळा झाला. आता यायचा तो गप्पा हाणायला.

तो अनवाणीच रेडिओ केंद्राकडे सुटला, एल्व्हिरा त्याच्या मागोमाग. पाचला नदीकाठची घरं निरोप ऐकतात. ओर्फाकडे रेडिओ आहे की नाही, हेही धड ठाऊक नव्हतं.

"काय काका, या वयात लग्न ठरलं का?" निवेदक टुलिओ हसला.

"दात काढू नकोस. माइक दे."

एल्व्हिरा पुढं झाली. बापानं तिला कोपरानं मागं सारलं. "परवाना तुझ्या नावावर आहे. पदरात दोन पोरं आहेत. गप्प राहा."

"पण पापा..."

"ओर्फा," तो माइकात म्हणाला, "बाळाला थेंबभरही देऊ नकोस. बाटली मी भरली, फाउस्तिनोनं. चुकलो."

तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज फाटला.

सकाळच्या पहिल्या होडीतून ओर्फा उतरली. बाळ कडेवर, टुकूटुकू बघत होतं. तिनं न उघडलेली बाटली म्हाताऱ्याच्या छातीवर फेकली. "घरात बस की थेरड्या! माझं लेकरू मारलं असतंस!"

"खरं आहे बाई."

त्यानंतर सहा वर्षं त्याला कुणी डोकेदुखीची गोळीसुद्धा विचारली नाही. एल्व्हिरानं खरं सांगायचं दोनदा काढलं. दोन्ही वेळा त्यानं नातवंडांना मोठ्यानं हाका मारून विषय बुडवला.

तो गेला. नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला ओर्फाही आली. कॉफी घेताना म्हणाली, "माणूस सोन्यासारखा हो, पण शेवटी डोकं फिरलं होतं."

बायांनी माना डोलावल्या. एल्व्हिरा उठली. "बाटली मी भरली होती, ओर्फा."

ओर्फानं पेला खाली ठेवला. "मी त्यांना थेरडा म्हणाले, तेव्हा तू कुठं होतीस गं?"

"त्यांच्याच मागं," एल्व्हिरा म्हणाली.