दोनशे डाव्या चपला

पुण्याच्या निखिलनं मला फसवलं आणि मी शांताक्काला फसवलं. त्यानं ठरवून केलं, माझ्या हातून नकळत झालं. पण शांताक्काच्या माळ्यावर दोनशे उजव्या चपला टांगलेल्या होत्या आणि त्या न्यायला कुणी येणार नव्हतं. हा फरक त्या चपलांना काय कळणार.

माझा धंदा कोल्हापुरी चपलांचा. कोल्हापुरात चप्पल लाईनीत दुकान आहे, पण खरं काम घाऊक. कारागिरांकडून माल घ्यायचा, एकेक जोडी तपासायची आणि एक्स्पोर्टरला द्यायची. निखिल हा तसा एक एक्स्पोर्टर. तो माल परदेशातल्या दुकानांना पाठवतो. तिथल्या दुकानदाराला बायर म्हणतात.

या धंद्यात परक्यांचे सण त्यांच्या आधी आमच्या घरी येतात. ऑक्टोबरअखेर त्यांचं हॅलोविन असतं, त्यासाठी मी जूनमध्येच काळ्या पट्ट्यांवर नारिंगी गोंडे लावून घेतले आहेत. हे भुताखेतांचं काय खूळ, म्हणून तेव्हा चौकशी केली होती. मूळचा तो आयर्लंडकडच्या शेतकऱ्यांचा सुगी संपल्याचा दिवस. त्या रात्री मेलेली माणसं घराकडं फिरकतात अशी समजूत. मग त्यांनी ओळखू नये म्हणून सोंगं घ्यायची आणि सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचा. ही माणसं अमेरिकेत गेली. तिथं भोपळा मोठा आणि कोरायला मऊ मिळाला, म्हणून सलगमाचा भोपळा झाला. आपण सर्वपित्रीला पितरांना बोलावून जेवू घालतो, हे त्यांना दारातून चकवतात. वेळ साधारण तीच, सुगीची.

ही चौकशी मी हौसेनं करत नाही. सण कळला की तारीख कळते. ज्या मालाला तारीख असते त्याला घाई असते, आणि घाईचा रेट वेगळा असतो. हे निखिलला माहीत आहे.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला.

"मॅडम, दोनशे पीस. मुलांचा साइज. फक्त लेफ्ट."

"फक्त लेफ्ट म्हणजे?"

"डावा पाय."

"डावा मला कळतो. उजवा कुठं गेला?"

"तो जानेवारीत. बायरला दोन लॉटमध्ये हवंय. डिस्प्लेचं काहीतरी आहे."

"सण कुठला आहे?"

"सण कसला मॅडम, प्रमोशनल आयटम आहे. आणि हो, एकच पाय आहे, तर रेट जोडीच्या निम्मा."

इथं माझं डोकं तापलं. चपलेच्या जोडीचे दोन्ही तळ एकाच कातड्यातून, शेजारी शेजारी कापतात. वेगवेगळ्या कातड्यांतून कापले तर एक पाय आकसतो, दुसरा पसरतो, आणि गिऱ्हाईक चार महिन्यांनी दुकानात येऊन चपलाच तोंडावर फेकतं. म्हणजे डावा करायचा तर उजवाही त्याच वेळी कापून ठेवायला लागणार. कातडं सगळं आज लागणार आणि पैसे निम्मे. मी अर्धा तास भांडले. त्याला त्याच्या जुन्या ऑर्डरींची आठवण करून दिली, दोनदा फोन ठेवला. शेवटी जोडीच्या साठ टक्क्यांवर आणला. पन्नासाचे साठ केले म्हणून मी खूष. त्या खुशीत जानेवारीचं लेखी घ्यायचं राहून गेलं.

एवढं राहायला नको होतं. मी सुतळीच्या गुंडीचंसुद्धा बिल मागते.

नाजूक आणि बारीक साइजचं काम म्हटलं की मी शांताक्काकडंच जाते. कागलच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या गावात ती राहते. वय सत्तरीकडं झुकलेलं. घरातले पुरुष तळ कापतात, शिवतात. वेणी, म्हणजे पट्ट्यावरची कातड्याची बारीक विणकाम-पट्टी, ती शांताक्काची. तिच्याएवढी सारखी वेणी मी दुसऱ्या हाताची बघितलेली नाही. पस्तीस वर्षांपूर्वी मी पन्हाळ्यावर गाडीतळाशी पोतं अंथरून चपला विकायला बसले, तेव्हा पहिल्या बारा जोड्या मला तिनं दिल्या होत्या. ओळख नाही, पाळख नाही. "इकल्या तर ये, न्हाय इकल्या तर चपला घिऊन ये," एवढंच म्हणाली होती.

डाव्या चपलांची ऑर्डर ऐकून तिनं हातातली आरी खाली ठेवली.

"नुसती डावी?"

"व्हय."

"सुमन, एका पायाची चप्पल कुणासाठी करत्यात तुला ठावं हाय न्हवं? ज्येचा पाय गेलाय त्येच्यासाठी. माझ्या सासऱ्यानं आयुष्यात दोनदा केली. पैसं घेतलं न्हाईत."

"अक्का, तसलं काय न्हाय."

"नंबर तर पोरांचा हाय. दोनशे पोरं? कुठल्या गावची गं? लढाई झाली का काय तिकडं?"

मी म्हणाले, दोन्ही पाय लागणार आहेत, फक्त उजवे जानेवारीत जातील. निखिलचं वाक्य मी जसंच्या तसं तिच्या पदरात घातलं.

"मग दोन्ही पाय हायत म्हणायचं पोरांस्नी."

"हायत की."

"मग करती."

सप्टेंबरअखेर दोनशे डाव्या चपला दुकानात आल्या. बोटभर रुंदीच्या पट्ट्यावर तीन पदरी वेणी, अंगठ्याची कडी इवलीशी. मी एकही परत केली नाही, हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं. पॅकिंगला निखिलनं पुण्याहून पुठ्ठ्याचे टॅग पाठवले होते, प्रत्येक चपलेला एक बांधायचा. त्यावर परकी भाषा. मी मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर केलं, तर तिथं लिहिलेलं होतं: पाच डिसेंबरच्या रात्रीसाठी, एका पायाचा जोडा.

एक. दोन नाही.

मी दुकानाचं शटर निम्मं ओढलं आणि सगळं वाचून काढलं. हॉलंडमधला सण. फार जुन्या काळी, आज तुर्कस्तानात आहे त्या भागात, निकोलस नावाचा एक बिशप होता, म्हणजे त्यांच्यातला मोठा धर्मगुरू. त्याच्या नावानं डिसेंबरच्या सुरुवातीला मुलं चुलीजवळ आपल्या एका पायातला जोडा ठेवतात. तो पांढऱ्या घोड्यावरून येतो, म्हणून घोड्यासाठी जोड्यात गाजर ठेवायचं. सकाळी गाजर गायब आणि जोड्यात खाऊ. तिथं त्याला सिंटरक्लास म्हणतात. हेच लोक अमेरिकेला गेले आणि त्याचा सांताक्लॉज झाला. नाताळात दुकानादुकानांत लाल टोपी घालून उभा असतो तो हाच.

निखिलला फोन लावला.

"टॅग वाचले मी."

त्याला मधे बोलू न देता मी पुढचं विचारलं.

"उजव्यांची ऑर्डर आहे का नाही?"

"मॅडम, जानेवारीत बघू म्हटलं होतं."

"बघू नव्हतं म्हटलं. 'जानेवारीत' म्हटलं होतंस."

"लेखी आहे का कुठं?"

मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी तोच म्हणाला, सणाचं सांगितलं असतं तर तुम्ही दीडपट रेट लावला असता. ते खरं आहे, मी लावला असता. पण शांताक्काला एक कातडंही वाया घालवायला लावलं नसतं.

डाव्या ठरल्याप्रमाणे पुण्याला रवाना केल्या आणि दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडं गेले. माळ्याच्या वाशाला सुतळीत ओवून उजव्या चपला टांगलेल्या. मला वाटलं होतं नुसते तळ कापलेले असतील. सगळ्या पुऱ्या झालेल्या होत्या, वेणीसकट. "जानेवारीत तू घाई करणार, तवा डावीची वेणी मला कुठली आठवायला," ती म्हणाली.

"अक्का, उजव्यांची ऑर्डर न्हाय. कधीच नव्हती. मला खोटं सांगितलं आणि मी तुला सांगितलं."

तिचा चेहरा उतरला. तिला पहिल्यांदा आठवलं ते कातडं नव्हतं.

"म्हंजे पोरांस्नी पाय न्हाईत?"

"पाय हायत गं. दोन्ही हायत." मग मी तिला निकोलसची गोष्ट सांगायला बसले.

"चपलेत खाऊ?" ती म्हणाली. "आमच्यात चपलेनं मारत्यात, त्येंच्यात चपलेत मिठाई ठेवत्यात?"

"चुलीपाशी ठेवत्यात चप्पल."

"चुलीपाशी." तिनं हे दोनदा म्हटलं. तिच्या घरातसुद्धा चपला दाराबाहेरच असतात, आणि त्या घरात दिवसभर चपलाच होतात. "आणि घोड्याला गाजर. बरं, त्यो बाबा चपलेतच का टाकतो?"

याचीही गोष्ट आहे. एका गरीब माणसाच्या तीन मुली होत्या. हुंड्याला पैसा नाही म्हणून लग्नं अडलेली. निकोलसनं अंधारात त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. कुणी सांगतं त्या जोड्यात पडल्या, कुणी सांगतं वाळत घातलेल्या मोज्यात पडल्या. म्हणून कुठं जोडा ठेवतात, कुठं मोजा टांगतात. मोज्यात संत्रं घालतात तेही त्या सोन्याच्या आठवणीनं, असं सांगतात.

"हुंड्याची गोष्ट हाय म्हण की."

"व्हय."

"दिऊन गाजावाजा केला का?"

"न्हाय. गुपचूप दिलं."

"मग चांगला माणूस." तिनं वर माळ्याकडं बघितलं. "आणि ह्येंचं काय करायचं?"

मी म्हणाले, दोनशेचे सगळे पैसे मी देते. ती चिडली. "पैसं देशील गं. दुकानात पोत्यात भरून ठेवशील. माझ्या हातची चप्पल कुणाच्यातरी पायात जायाला पायजे. उंदरांसाठी केल्या न्हाईत मी."

टॅगवर बायरच्या दुकानाचा ईमेल होता. एक्स्पोर्टरला ओलांडून बायरला लिहायचं नसतं, हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. मी लिहिलं. मोडक्या इंग्रजीत लिहिलं, पण रेटसकट लिहिलं. दुकानाची मालकीण योहाना नावाची बाई. तिचं दोन दिवसांत उत्तर आलं. तिला निखिलनं सांगितलं होतं की उरलेल्या उजव्या चपला कोल्हापुरातच खपतात. पस्तीस वर्षं मी या बाजारात आहे. नुसती उजवी मागायला अजून एकही गिऱ्हाईक आलेलं नाही.

योहाना भली बाई निघाली. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, पुढच्या वर्षी उजव्या घेते, मुलांना कुठला पाय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. मला हे पटलं. शांताक्काला पटलं नाही.

"डावी एका पोराकडं आणि उजवी दुसऱ्या पोराकडं? मग जोडी केली कशाला मी?"

"अक्का, आता डावी कुणाकडं जाणार ते कुणाला ठावं?"

तिनं एक चप्पल उतरवून माझ्या हातात दिली. तळाच्या आत, टाचेपाशी, आरीच्या टोकानं आकडा टोचलेला होता. सव्वीस. "डावीवर बी सव्वीसच हाय. जोड्या मिसळू नयेत म्हणून टोचती मी."

मी पुन्हा योहानाला कॉल लावला. डाव्या विकताना दारात एक कागद लावा, म्हणाले. सहा तारखेनंतर डावी घेऊन या, आत टोचलेल्या त्याच आकड्याची उजवी घेऊन जा. तिला ही कल्पना एवढी आवडली की ती हसायलाच लागली. मी तिला हसू दिलं आणि मग म्हणाले, जोडीचे साठ टक्के तुम्ही भरलेत, चाळीस राहिले, पार्सलचं भाडं वेगळं. ती तीस म्हणाली. मी चाळीस. ती पस्तीस. मी कॉल बंद केला. दहा मिनिटांनी तिचाच आला.

नोव्हेंबरात उजव्या गेल्या. चाळीसचे चाळीस टक्के शांताक्काच्या घरी पोचले, त्यात मी माझं काही ठेवलं नाही. जानेवारीत योहानाचा निरोप आला: निम्म्याहून जास्त जोड्या जुळल्या, उरलेल्या नंबरवार लावून खोक्यात ठेवल्या आहेत, पुढच्या डिसेंबरात पुन्हा कागद लावणार. सोबत एक फोटो. एक चार-पाच वर्षांची मुलगी, जाड लोकरी मोज्यांवर दोन्ही चपला घालून दुकानाच्या दारात उभी.

शांताक्कानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. पोरीचे दोन्ही पाय तिनं बोट लावून बघितले. बराच वेळ बघितले.

"मोज्यावर अंगठा कसा बसंल," ती म्हणाली. "कडी ताणली बघ पोरीनं. तिला म्हणावं मोजं काढ, न्हायतर वेणी उसवंल."

या प्रकरणातून मी एवढं शिकले: घासाघीस हरलेल्या दिवशी माणूस सावध असतो, जिंकलेल्या दिवशी कागद घ्यायला विसरतो.

निखिलचा मागच्या आठवड्यात मेसेज आला होता. जणू काही झालंच नाही अशा थाटात, हॅलोविनचे काळे-नारिंगी जोड हवेत म्हणून. मी रेट कळवलेला नाही. आधी त्यानं कागलच्या पुढं त्या घरी जावं, शांताक्कासमोर बसावं आणि जानेवारीची गोष्ट त्यानं रचली होती हे तिच्या तोंडावर कबूल करावं. एका म्हातारीला, दोनशे पोरांचे पाय गेलेत की काय, या धास्तीत त्यानं टाकलं. त्यात माझा वाटा होता तो मी तिच्यापुढं बोलून आले आहे. ती ओरडणार नाही, चहा देईल. निखिल, तू कधी जातोस ते सांग.